‘दोन गडी राखून’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ‘रक्तरंजित सॉकर’ हा लेख वाचला. सोमवारी पुन्हा वाचला, कारण आधी वाटलं चष्म्याचा नंबर वाढला.

अहो, 1905 साली अमेरिकेत ज्या खेळापायी दीडएक डझन पोरं जिवानिशी गेली आणि ज्यासाठी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसवर बोलावून घेतलं, तो खेळ सॉकर नव्हेच. तो त्यांचा फुटबॉल. नारळासारखा लांबट चेंडू काखेत मारायचा आणि आडवा येईल त्याला तुडवत सुटायचं. आपला फुटबॉल तो त्यांचा सॉकर. तुमच्या विद्वान लेखकाने ‘फुटबॉल’ दिसताच हुशारीने ‘सॉकर’ करून टाकलं, आणि कुणीतरी वर छान गोल चेंडूचं चित्रही लावलं. चोर सोडून संन्याशाला सुळी!

त्या संन्याशाचं, म्हणजे सॉकरचं, तर त्याच वर्षी कुठे बस्तान बसत होतं. 1 एप्रिल 1905 रोजी (तारखेला हसू नका) हॅवरफर्ड कॉलेजच्या पोरांनी हार्वर्डच्या मैदानात जाऊन हार्वर्डला 1-0 असं हरवलं. एवढंसं कॉलेज, तेही क्वेकर पंथाचं, म्हणजे लढाईचं नाव काढलं की दुसरीकडे बघणारे लोक! त्याच वर्षी हे दोघे, कोलंबिया, कॉर्नेल आणि पेनसिल्व्हेनिया अशा पाच कॉलेजांची लीगही झाली. उलट कोलंबियाने तो लांबट चेंडूचा फुटबॉल 1905 मध्ये बंदच केला, तो थेट 1915 पर्यंत. एवढं जरी छापलं असतं तरी चाललं असतं. भाचा फिलाडेल्फियाला असतो, त्याने मला हॅवरफर्ड दाखवलं. तिथे क्रिकेटचंही पॅव्हेलियन आहे. पण तिथल्या कुणी दोन खेळांची खिचडी केल्याचं ऐकलं नाही. ते काम आपल्याकडचं.

हे अनुभवाने सांगतो. 1974 साली आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलची फायनल आम्ही 2-0 ने मारली. मी राइट बॅक, गुडघा सोलवटलेला, तरी पहाटे स्टँडवर जाऊन पेपर आणला. एका दैनिकात (तुमच्या नव्हे, दचकू नका) चार ओळी होत्या: आमचं कॉलेज म्हणे ‘दोन गडी राखून विजयी’! अख्ख्या मंगळवार पेठेने महिनाभर मला ‘राखलेला गडी’ म्हणून हाक मारली. आईला ना फुटबॉल कळायचा ना क्रिकेट. तिने कणकेची खळ करून ते कात्रण ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलं आणि आल्यागेल्याला सांगायची, “दोन गडी राखले, त्यातला एक आमचा.” ट्रंक अजून आहे. परवा जावयाने झाकण उघडलं आणि मोठ्याने वाचलं.

तेव्हा दुरुस्ती छापणार असाल तर पुरवणीतच छापा, शोकसंदेशांच्या खाली आगपेटीएवढ्या चौकटीत नको. पेठेतल्या मॅचचे निकाल तिथेच असतात, म्हणून सांगतो.

आणि हो, शब्दकोड्याचं उत्तर त्याच पानाच्या पाठीमागे छापणं आता थांबवा. खिडकीशी पान धरलं की सगळं उलटं दिसतं. बायको ते सुलटं वाचते आणि मला हरवते.

आपला,
एक जुना राइट बॅक,
कोल्हापूर