गिझर वाचवणाऱ्या प्लंबरकाकांना

प्लंबरकाका, नमस्कार.

तुम्ही पैसे घेतलेत, पण आभार घ्यायला थांबला नाहीत. म्हणून हे पत्र.

पार्ल्यातली आमची दोन मजली जुनी इमारत, आणि आम्ही सगळ्यात वर. गच्चीवरची टाकी धुतली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून बाथरूममध्ये गरम पाण्याचा नळ फुसफुसायचा, थुंकायचा आणि गप्प व्हायचा. आधी आलेल्या माणसाने दोन मिनिटांत निकाल दिला, ‘गिझर गेलाय, नवा घ्या.’ साधा नळही तसाच थुंकतोय, हे त्याने पाहिलंच नाही. (मीही नाही, खरं सांगायचं तर.)

तुम्ही आल्या आल्या गिझरचा स्विच बंद केलात. रिकाम्या गिझरमध्ये कॉइल जळते, आणि मी दोन दिवस तो चालू-बंद करत होते! मग विचारलंत, ‘हे कधीपासून?’ टाकीचं ऐकून थेट गच्चीवर गेलात. आमची लाइन कठड्यावरून उलट्या ‘यू’सारखी चढून उतरते, टाकी धुताना रिकामी झाली तेव्हा त्या कुबडात हवा अडकली होती. दहा मीटर उंचीचं पाणी दर चौरस सेंटीमीटरला साधारण 1 किलो दाब देतं. टाकी आमच्या डोक्यावर जेमतेम दोन मीटर, म्हणजे आमच्या वाट्याला पाव किलोसुद्धा नाही; तेवढ्याने ती हवा ढकलली जाईना. तळमजल्याच्या काकूंकडे धो धो पाणी का, हे मला लग्नानंतर बावीस वर्षांनी कळलं.

सकाळी मुनसिपालटीचं पाणी आल्यावर गिझरचा कॉक बंद करून तुम्ही स्वयंपाकघरातल्या थेट नळाचा पाइप बाथरूमच्या नळाला जोडलात. पाणी उलटं वर चढलं आणि टाकीत बुडबुड बुडबुड! टाकीचं पाणी पिण्याच्या लाइनीत शिरू नये म्हणून आधी नळ बंद केलात, मगच पाइप सोडवलात. नंतर कुबडाच्या माथ्यावर टी (तीन तोंडांचा जोड) बसवून हवेचा पाइप टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्याही वर नेलात, तोंड खाली वळवून डासांची जाळी लावलीत.

त्यानंतरही पाणी दुधासारखं पांढरं आलं तेव्हा सासूबाई घाबरल्या. तुम्ही ग्लास भरून ओट्यावर ठेवलात. पांढरेपणा खालून वर निवळत गेला. ‘हवा आहे आजी, गाळ असता तर तळाला बसला असता.’ तेव्हापासून त्या पाहुण्यांनाही हा प्रयोग करून दाखवतात.

परवा टाकी पुन्हा धुतली. मी आधी गरम नळ सोडला, तीन-चारदा फुसफुसला, धार सलग झाली, मगच स्विच दाबला.

बी विंगलाही तेच कुबड आहे म्हणे. तुमचा नंबर सेक्रेटरींना दिलाय. अनोळखी नंबर दिसला तरी फोन उचला.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची वहिनी