ग्राहकाचा कौल म्हणे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ब्ल्यू-रे आणि एचडी-डीव्हीडी या, साध्या डीव्हीडीची जागा घ्यायला निघालेल्या दोन डिस्कांच्या भांडणावरचा लेख वाचला. सोमवारी पुन्हा वाचला, म्हटलं रविवारी चष्म्याची चूक झाली असेल. नव्हती. ‘अखेर ग्राहकाने ब्ल्यू-रेच्या बाजूने कौल दिला’ असे छापले आहे आणि चार ओळी खाली, ‘घाईने एचडी-डीव्हीडी घेणाऱ्यांचे हसे झाले.’ त्या हसे झालेल्यांपैकी एक बेळगावात राहतो आणि तुमचाच पेपर घेतो, हे लेखकमहाशयांच्या कानावर घालावे.

शहापुरात मी तीस वर्षे टीव्ही-व्हीसीआर दुरुस्तीचे दुकान चालवले. लोकांच्या लग्नाच्या कॅसेटांवरची बुरशी पुसण्यात माझे निम्मे पावसाळे गेले. त्यामुळे ‘एचडी-डीव्हीडीत जुनाच लाल लेसर होता’ हे वाक्य वाचून चहा खाली ठेवला. अहो, लाल लेसर, ६५० नॅनोमीटरचा, तो साध्या डीव्हीडीला. या दोघींना एकच, ४०५ नॅनोमीटरचा, जांभळट निळा. फरक होता तो माहितीचा थर किती खोल, यात. एचडी-डीव्हीडीत तो डीव्हीडीसारखाच ०.६ मिलिमीटर आत. ब्ल्यू-रेत वरून फक्त ०.१ मिलिमीटरवर, म्हणजे सायीइतका आडोसा. थर जवळ आल्याने जास्त ताकदीचे भिंग लावता आले, ठिपका बारीक झाला आणि एका थरात २५ जीबी मावले. एचडी-डीव्हीडीत १५. जागा ब्ल्यू-रेत जास्त, हे मी कधीच नाकारले नाही. पण इतक्या वरच्या थराला ओरखड्याचे भय, म्हणून २००३ साली जपानात आलेल्या पहिल्या ब्ल्यू-रे डिस्का चक्क डबीत बंद असायच्या, कॅसेटसारख्या. पुढे कडक लेप निघाला तेव्हा कुठे डबी सुटली. एचडी-डीव्हीडी मात्र डीव्हीडीच्याच कारखान्यात थोड्या फेरफाराने काढता येत होती. दुरुस्तीवाल्या माणसाला यातले काय आवडणार, सांगा.

आता माझे हसे कसे झाले ते. माझा भाचा न्यू जर्सीत असतो. २००७ च्या डिसेंबरात सुट्टीला आला तो एचडी-डीव्हीडी प्लेअर बगलेत मारूनच. तिकडे नोव्हेंबरात हे मशीन शंभर डॉलरच्या आत विकायला आले होते. सोबत डिस्का दोनच, त्यातली एक समुद्रातल्या माशांची. मशीन अमेरिकन वीजदाबाचे, आपल्या २३० व्होल्टवर लावले असते तर धूर निघाला असता. म्हणून मी ट्रान्सफॉर्मर वाइंडिंग करून घेतला. वजन असे की दोन हातांनी उचलावा लागे, आणि चालू केला की भुंग्यासारखा गुणगुणे.

माझ्याकडे तेव्हा जुना डबा टीव्ही. एलसीडी होता दुसऱ्या रेल्वे गेटपलीकडे राहणाऱ्या डॉक्टरांकडे. ५ जानेवारी २००८, शनिवार. संध्याकाळी भाच्याच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेला प्लेअर, माझ्या दोन पायांच्या मध्ये स्कूटरवर ट्रान्सफॉर्मर, अशी आमची वरात निघाली. गेट पडलेले. गाडी जाईपर्यंत भाचा मला दोन थर मिळून ३० जीबी कसे होतात ते समजावत होता आणि शेजारचा भाजीवाला कान देऊन ऐकत होता.

डॉक्टरांच्या हॉलमध्ये आठ-दहा मंडळी जमलेली. डिस्क घातली. मशीन जागे व्हायला मिनिटभर घेते, तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, ‘‘बंद पडलं काय हो?’’ आणि मग चित्र आले. संपादकसाहेब, मी आयुष्यभर पडद्यावर मुंग्या बघितलेला माणूस. त्या माशाचे एकेक खवले वेगळे दिसत होते, पाण्यात तरंगणारे कण दिसत होते. डॉक्टरांच्या आई पुढे सरकून बसल्या आणि म्हणाल्या, ‘‘बांगडा काय रे तो? ताजा दिसतोय की!’’ त्या संध्याकाळी मी घरी परतलो तो जग जिंकून.

आणि ते मशीन तोवर मेलेले होते! आदल्या दिवशी, ४ जानेवारीला, वॉर्नर या सिनेमा कंपनीने अमेरिकेत जाहीर करून टाकले होते की आता आमचे सिनेमे फक्त ब्ल्यू-रेवर. आम्ही गेटवर ताटकळत होतो तेव्हा निकाल लागून गेला होता. १९ फेब्रुवारीला ती काढणाऱ्या तोशिबानेच एचडी-डीव्हीडी गुंडाळली. पुरते ४६ दिवस.

यात ग्राहकाचा कौल कुठे आला? ऑगस्ट २००७ मध्ये पॅरामाउंट आणि ड्रीमवर्क्स या सिनेमा कंपन्या एचडी-डीव्हीडीकडे गेल्या, जानेवारीत वॉर्नर ब्ल्यू-रेकडे. याला आमच्याकडे फोडाफोडी म्हणतात. मते मोजायचीच तर प्लेस्टेशन ३ चीही मोजा. पोरांनी ते घेतले गेम खेळायला, पण आत ब्ल्यू-रेचा ड्राइव्ह होता, म्हणून ती सगळी मते ब्ल्यू-रेच्या पेटीत. ग्राहकाला कोणी विचारले नव्हते. न विचारता झालेल्या निर्णयांची आम्हा सीमाभागातल्या लोकांना १९५६ पासून सवय आहे, पण निदान त्याला आमचाच कौल म्हणू नये.

लेखात बीटामॅक्सचाही उल्लेख आहे, तो ठीक. सोनीने १९७५ मध्ये बीटामॅक्स ही व्हिडिओ कॅसेट काढली, पुढल्या वर्षी जेव्हीसीची व्हीएचएस आली आणि सोनी हरली. माझ्या दुकानात बीटामॅक्सची दुरुस्ती बोटांवर मोजण्याइतकीच आली. चित्र तिचे चांगले होते, हेही लिहिले असते तर बिघडले नसते.

राहता राहिले ‘आपल्या बाजारातही ब्ल्यू-रे सर्रास मिळू लागल्या.’ मिळू लागल्या! मीही २०१० च्या सुमारास एक घेतली, दीडशे रुपयांना. निळी डबी, निळे अक्षर, दुकानदाराचे निळेशार आश्वासन. भाच्याच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये, ज्यात ब्ल्यू-रेचा ड्राइव्हच नव्हता, ती गुपचूप चालू झाली तेव्हाच समजलो. आतला आकडा पाहिला तर सव्वाचार जीबी, म्हणजे साधी डीव्हीडी. परत द्यायला गेलो तर तो म्हणतो, ‘‘काका, डबी तर ब्ल्यू-रेचीच आहे की!’’ लेखकांनी बाजारात मोजल्या त्या डिस्का की डब्या?

जाता जाता. हाय डेफिनिशनवरच्या या लेखासोबत आपण जो रंगीत फोटो छापला, त्यात लाल रंग एकीकडे, निळा त्याच्या दोन मिलिमीटर उजवीकडे आणि पिवळा कुठे गेला तो छापखान्यालाच ठाऊक. चित्रातल्या बाईंना चार डोळे आहेत. शिवाय तिच्या हातातली डिस्क ब्ल्यू-रेही नाही आणि एचडी-डीव्हीडीही नाही, साधी गाण्यांची सीडी आहे. तेवढे मात्र फोटोत स्पष्ट दिसते. पुरवणीचे हे रडगाणे मी गणपतीच्या आधीही एका पत्रात लिहिले होते. ते पत्र छापून आले, पण तो परिच्छेद गाळून.

माझा प्लेअर अजून चालू आहे. सौ. पहाटे त्यावर अभंगांची सीडी लावते. जागे व्हायला त्याला अजूनही मिनिटभर लागते, तेवढ्यात तिची देवाची फुले तोडून होतात.

आपला,
एक जुना वाचक
शहापूर, बेळगाव