बाबांनी फोन आईकडे दिला म्हणून हे पत्र

ती. आई आणि बाबा,
सा. न.

रविवारी मी, बाबांनी माझ्या शॉर्ट फिल्ममध्ये काम करावं, असा विषय काढला आणि बाबांनी "या वयात कसला तोंडाला रंग फासायचा, हे घे, आईशी बोल" म्हणून फोन सरळ आईकडे दिला, आणि आईने मग अर्धा तास कैरीच्या लोणच्याचं सांगितलं. म्हणून आता लिहूनच पाठवतेय, पत्र काय कट करता येत नाही. आई, तू मोठ्याने वाच. यांचा चष्मा नेमका आत्ता सापडणार नाही हे मला माहितीये.

तर सिडनी लुमेट, अमेरिकन सिनेमा दिग्दर्शक. नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण त्याच्यामुळे आपल्या घरी कितीतरी वेळा जेवणं खोळंबलीयेत. टीव्हीवर 'एक रुका हुआ फैसला' लागला की बाबा ताट घेऊन तिथेच बसायचे आणि आमटी गार व्हायची, आठवतं ना? तो बासू चटर्जींनी १९८६ साली केला, पण मूळ सिनेमा या लुमेटचा, १९५७चा 'ट्वेल्व्ह अँग्री मेन'. हा त्याचा पहिलाच सिनेमा. त्याआधी तो टीव्हीवर लाइव्ह नाटकं बसवायचा, म्हणजे चुकलं की अख्ख्या देशासमोर चुकलं, रिटेक वगैरे भानगड नाही. १९ दिवसांत सिनेमा शूट केला, जवळजवळ सगळा एका खोलीत, बारा ज्युरींचं भांडण. सुरुवातीला कॅमेरा माणसांच्या नजरेच्या वर, मग नजरेच्या लेव्हलला, मग खाली खाली, आणि लेन्स लांब लांब (म्हणजे मागचं जवळ आणून दाखवणारी) होत जाते, त्यामुळे शेवटी शेवटी डोक्यावर छत दिसायला लागतं आणि भिंती अंगावर आल्यासारख्या वाटतात. मी दहादा बघितला असेल पण हे पुस्तकात वाचेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. (पुस्तक त्याचंच आहे, १९९५चं, सेटवर काम करणाऱ्या प्रत्येकाने वाचावं असं.)

पण बाबा, तुमच्या कामाची गोष्ट पुढे आहे. पैसे कमी, दिवस कमी, म्हणून लुमेटने काय केलं तर लाईट एकदा एका बाजूला लावला की त्या बाजूच्या खुर्च्यांवरचे सगळे शॉट उरकायचे, मग ते सिनेमात सुरुवातीचे असोत नाहीतर शेवटचे. म्हणजे एकजण आज तावातावाने बोलतोय आणि समोरच्याचं उत्तर कित्येक दिवसांनी शूट होतंय! पडद्यावर वाटतं सलग भांडतायत. तर सांगायचं म्हणजे तुम्हाला सलग पाठ असायची गरजच नाही. दोन वाक्यं म्हणा, कट, चहा, परत दोन वाक्यं.

हे मी का सांगतेय ते तुम्हाला कळलंय. भावे नाट्यमंदिरातल्या त्या प्रयोगाचं आईने मला केव्हाच सांगितलंय, की दुसऱ्या अंकात तुम्ही ब्लँक झालात, प्रॉम्प्टर दोनदा वाक्य देत होता तरी ऐकू येईना, आणि त्यानंतर बदलीचं निमित्त करून तुम्ही नाटक सोडलंत. बदली सहा महिन्यांनी झाली होती बाबा. आई, सॉरी, पण आता बोलून टाकलं.

लुमेटचे वडीलही नट होते. बारुख लुमेट, पोलंडहून आलेले ज्यू, न्यूयॉर्कमध्ये यिद्दिश (युरोपातल्या ज्यूंची भाषा) रंगभूमीवर काम करायचे. पोरगा चार-पाच वर्षांचा असल्यापासून रेडिओवर आणि स्टेजवर त्यांच्यासोबत. पुढे मंदीत नाटकवाल्यांचे हाल झाले, मग महायुद्ध, त्यात सिडनी रडार दुरुस्त करणारा म्हणून भरती झाला आणि चक्क भारतात आणि ब्रह्मदेशात होता. परत आल्यावर टीव्ही, मग सिनेमे, चाळीसच्या वर. आणि १९६४च्या 'द पॉनब्रोकर'मध्ये त्याने स्वतःच्या वडिलांना घेतलं. सावकारी दुकान चालवणारा एक माणूस, छळछावणीतून वाचलेला पण आतून मेलेला, आणि अंथरुणाला खिळलेला एक म्हातारा त्याला पडल्या पडल्या सुनावतो, तो म्हातारा म्हणजे बारुख. तेव्हा साठी उलटलेली. मला नाही वाटत पोराने वडिलांवर उपकार म्हणून तो रोल दिला असेल. तो आवाज, ते थकलेलं अंग, ते दुसऱ्या नटाकडे कुठून येणार?

माझ्या शॉर्ट फिल्ममध्येही असाच एक आजोबा आहे, कॉटवरचा. गुडघ्याचं कारण बाद.

आणि हो, त्याचा 'डॉग डे आफ्टरनून' तुम्ही बघाच, १९७५चा, ब्रुकलिनमधल्या बँक दरोड्याच्या खऱ्या घटनेवरचा. चोर आणि कॅशिअर बायका दिवसभर आत अडकतात आणि हळूहळू एकमेकांना सांभाळायला लागतात. तीस वर्षं काउंटरवर काढलेल्या माणसाला तो जास्त कळेल. गोष्ट कडक उन्हाळ्यातली पण शूटिंग थंडीत, तर तोंडातून वाफ दिसू नये म्हणून नट तोंडात बर्फ धरायचे. तुम्हाला मी फक्त पंखा बंद करायला सांगणारे.

मी काम करते त्या मालिकेत आम्हाला सीनचे कागद सकाळी नऊला हातात पडतात, शाई ओली असते म्हटलं तरी चालेल, आणि साडेनऊला शॉट. कलाकार बिचारे मेकअप करता करता पाठ करतात. लुमेट मात्र शूटिंगच्या आधी साधारण दोन आठवडे तालीम घ्यायचा, हॉलमध्ये जमिनीवर टेप लावून खोल्या आखायच्या आणि तिथे बसवायचं, अगदी आपल्या नाटकासारखं. मी तेच करणारे, आपल्याच हॉलमध्ये. आई, सोफा गॅलरीत जाईल दोन आठवडे, आत्ताच सांगून ठेवते, आणि फरशी पुसताना टेप निघाली तर मी ओरडणार नाही, फक्त परत चिकटव.

ऑस्करसाठी लुमेटचं दिग्दर्शक म्हणून चारदा नाव गेलं, चारही वेळा हात हलवत परत, शेवटी २००५ला मानद दिलं. तोवर माणसं घरी बसतात. याने २००७ला, ८३व्या वर्षी, डिजिटल कॅमेऱ्यावर नवा सिनेमा केला आणि तोही चांगला कडक. २०११ला गेला. तुम्ही तर ७१चेच.

मी २ तारखेला रात्रीच्या गाडीने निघतेय. लुमेटने अल पचिनोच्या 'सर्पिको'चं शूटिंग उलट्या क्रमाने केलं होतं, कारण आधी वाढलेली दाढी आणि केस, मग दर टप्प्याला थोडे कमी करत शेवटी गुळगुळीत. आपलंही तसंच, शेवटचा सीन पहिला. त्यामुळे बाबा, शनिवारी दाढीला जाऊ नका. आई, तो ब्रश लपवून ठेव.

तुमची,
धाकटी