टॉवर उभा होता, तरी फोन बंद का होता?

मँडेव्हिल, जमैका
१८ जानेवारी २०२६

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. ऑक्टोबरअखेरीस मेलिसा चक्रीवादळ येऊन गेल्यानंतर सलग नऊ दिवस माझा फोन लागत नव्हता आणि तेवढे दिवस तुमच्या घरात कोणाच्या डोळ्याला डोळा लागला नाही, हे वाचून मन भरून आले. आम्ही सगळे सुखरूप आहोत. घराचे पत्रे पुन्हा बसवून झाले आणि शाळाही सुरू झाली. तू दूरसंचार खात्यात उभी हयात घालवलीस, त्यामुळे काळजीच्या चार ओळी लिहून झाल्यावर तू जो प्रश्न विचारला आहेस, तो त्या खात्यातल्या माणसालाच सुचावा असा आहे. बातम्यांतल्या छायाचित्रांत टॉवर जागच्या जागी उभे दिसत होते, मग फोन का लागत नव्हते? दोन ओळींत उत्तर देऊन तुझे समाधान होणार नाही हे मला ठाऊक आहे. टॉवरचे उत्तर इथल्या रस्त्यांत दडलेले आहे, म्हणून सुरुवात रस्त्यांपासूनच करतो.

जमैका हे सुमारे ११,००० चौरस किलोमीटरचे बेट आहे, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याहूनही लहान. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते जेमतेम २३५ किलोमीटर भरते. एवढ्याशा देशात दळणवळणाचा प्रश्न तो काय असणार, असे इथे येण्यापूर्वी मलाही वाटत असे. पण या बेटाचा बराच भाग चुनखडीचा आहे. चुनखडीच्या डोंगराळ मुलखात पावसाचे पाणी ओढ्यानाल्यांतून वाहून न जाता जमिनीत मुरते आणि खालच्या वाटा भरल्या की सखल भागात साचून राहते. १९७९ च्या जूनमध्ये अतिवृष्टी झाली तेव्हा न्यूमार्केट नावाचे गाव असेच भरले आणि पाण्याला निघून जायला वाटच नसल्यामुळे महिनोन् महिने बुडून राहिले. अशा जमिनीवर, डोंगराच्या कडेकडेने वळणे घेत जाणारा रस्ता बांधणे जितके अवघड, त्याहून तो दरवर्षी राखणे अवघड आहे, आणि राखण्यासाठी लागणारा पैसा या देशाकडे कधीच पुरेसा नव्हता.

तू ठाण्याचा, तेव्हा आगगाडीबद्दल तुला सांगितलेच पाहिजे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, हे तू शाळेपासून अभिमानाने सांगत आला आहेस. त्याच्याही सात वर्षे आधी, २१ नोव्हेंबर १८४५ रोजी, किंग्स्टन ते स्पॅनिश टाऊन अशी आगगाडी जमैकात सुरू झाली होती. तिच्यामागचा हिशेब साखरेचा होता. गुलामगिरी १८३८ मध्ये पूर्णपणे संपल्यामुळे मळ्यांना मजूर हवे होते, आणि त्याच १८४५ सालच्या १० मे रोजी ‘ब्लंडेल हंटर’ या जहाजातून भारतातले पहिले करारबद्ध मजूर ओल्ड हार्बर बे येथे उतरले होते. ते बहुतेक उत्तर हिंदुस्थानातले होते, आपल्या मुलखातले नव्हते. तरीही त्या किनाऱ्यावर गेलो की मी काही वेळ गप्प उभा राहतो. पुढे लोहमार्ग १८८५ मध्ये पोरसपर्यंत, १८९४ मध्ये माँटेगो बेपर्यंत आणि १८९६ मध्ये पोर्ट अँटोनियोपर्यंत गेला. शेवटच्या दोन टप्प्यांचे काम एका अमेरिकी कंपनीने केले, पण कर्ज फेडणे तिला जमले नाही आणि १९०० मध्ये सगळा मार्ग पुन्हा सरकारच्या ताब्यात आला.

आमचे मँडेव्हिल ६०० मीटरहून अधिक उंचीवर असल्यामुळे गाडी इथवर चढलीच नाही. आमचे स्टेशन खाली विल्यम्सफील्डला होते. तिथून जवळच केंडल नावाचे गाव आहे. १ सप्टेंबर १९५७ च्या रात्री माँटेगो बेहून सहलीहून परतणारी, माणसांनी खच्चून भरलेली गाडी तिथे उतारावर ब्रेक न लागल्यामुळे रुळांवरून घसरली आणि जवळजवळ दोनशे माणसे मेली. ज्यांची ओळख पटली नाही त्यांना तिथेच सामुदायिक कबरीत पुरले. गेल्या वर्षी मी ती जागा पाहून आलो. रूळ गवतात बुडालेले होते, एका ठिकाणी दोन रुळांच्या मधोमध मनगटाएवढ्या खोडाचे झाड उगवले होते आणि वाकून हात लावला तेव्हा रुळाच्या गंजाचे पापुद्रे माझ्या बोटांवर आले. तो अपघात हा रेल्वेच्या शेवटाचा एक भाग होता. मोटारी, ट्रक आणि तोटा हा दुसरा. १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये प्रवासी गाड्या बंद झाल्या. नंतर त्या थोड्या अंतरासाठी पुन्हा सुरू करण्याचे प्रयत्न झाले, पण आज रुळांची आठवण टिकली आहे ती मुख्यतः बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमच्या खनिजाच्या, उद्योगातल्या मालगाड्यांमुळे. ज्या देशाने आपल्या आधी आगगाडी पाहिली, त्या देशातल्या मुलांना मी गणितात गाड्यांच्या वेगाची उदाहरणे घालतो आणि वर्गातल्या एकानेही गाडीत पाय ठेवलेला नसतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

गाडी गेली तेव्हा माणसे टॅक्सीत बसली. इथली रूट टॅक्सी म्हणजे आपल्याकडचे वडाप. लाल नंबरप्लेटची, जपानमधून जुनी आणलेली मोटार अड्ड्यावर उभी असते. तिच्यात माणसे भरण्याचे काम ‘लोडर’ करतो आणि गाडी भरल्याशिवाय निघत नाही. परवाना नसलेल्या टॅक्सीला इथे ‘रोबोट’ म्हणतात. मागच्या सीटवर आधीच चौघे असताना पाचवा आला की चालक मागे न वळता म्हणतो, ‘स्मॉल अप युअसेल्फ’, आणि सगळे निमूटपणे अंग चोरून घेतात. कराड-पाटण रस्त्यावर आपण कॉलेजात असताना जसे बसायचो, तसेच. शाळेत जाणारी मुले, बाजाराला निघालेल्या बाया आणि दवाखान्यात निघालेले म्हातारे या सगळ्यांचा रोजचा भार या टॅक्सीवाल्यांनी उचलला आहे, म्हणून त्यांना कितीही नावे ठेवली गेली तरी मी त्यांच्याच बाजूने बोलतो.

गेल्या पंचवीस वर्षांत मोठे रस्ते झाले, हेही खरे आहे. किंग्स्टनजवळून उत्तर किनाऱ्यावरच्या ओचो रिओसकडे जाणारा ६६ किलोमीटरचा टोल रस्ता चिनी कंपनीने बांधला आणि तो २०१६ मध्ये पूर्ण झाला. त्यामुळे बॉग वॉकची खिंड आणि तिच्यातला तो कठडे नसलेला जुना फ्लॅट ब्रिज टाळता येतो. रिओ कोब्रे नदीला पूर आला की तो पूल पाण्याखाली जातो आणि वाहतूक बंद करावी लागते. आमच्याकडचा मे पेन ते विल्यम्सफील्ड हा टप्पा २०२३ मध्ये उघडला आणि किंग्स्टनचा प्रवास फार सुखाचा झाला. पण टोल देणे सगळ्यांना परवडत नाही. जुन्या रस्त्यावर मेलरोझ हिलला भाजलेला याम, म्हणजे आपल्या सुरणासारखा मोठा कंद, आणि खारवलेला मासा विकणाऱ्या बाया बसतात. त्यांच्यातल्या एकीने निखाऱ्यांवरचा याम उलटवत मला सांगितले की नवा रस्ता सुरू झाल्यापासून तिचे गिऱ्हाईक निम्म्यावर आले आहे. नवा रस्ता झाला याचा मला आनंदच आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की त्या मानाने डोंगरातल्या लहान रस्त्यांकडे, ज्यांवर शेतकरी राहतो, फारच थोडे लक्ष गेले. बंदर आणि विमानतळ यांच्याबद्दल मी फारसे लिहीत नाही, कारण जगाशी असलेला या देशाचा संबंध चांगला आहे. अडचण आहे ती देशाच्या आतल्या आत.

आता तुझा विषय. नव्वदच्या दशकापर्यंत इथली दूरध्वनी सेवा केबल अँड वायरलेस या एकाच ब्रिटिश कंपनीच्या हाती होती आणि डोंगरातल्या घरांना अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. १९९९ मध्ये सरकारने मक्तेदारी संपवण्याचा करार केला, २००० मध्ये नवा कायदा झाला आणि २००१ च्या एप्रिलमध्ये डेनिस ओब्रायन या आयरिश उद्योजकाच्या डिजिसेल कंपनीने मोबाइल सेवा सुरू केली. आधी पैसे भरायचे, सेकंदाच्या हिशेबाने बोलायचे आणि आलेल्या फोनला काही द्यायचे नाही, ही पद्धत गरीब माणसाला तत्काळ पटली. पहिल्या शंभर दिवसांत एक लाख ग्राहक झाले. ज्या खेड्यात तार कधी पोहोचली नाही, तिथे फोन पोहोचला. भाजी घेऊन किंग्स्टनच्या कॉरोनेशन मार्केटला जाणाऱ्या बाया, ज्यांना इथे ‘हिग्लर’ म्हणतात, त्या निघण्यापूर्वी भाव विचारू लागल्या. लंडन, टोरोंटो, न्यूयॉर्क इथे गेलेली मुले आईला दर रविवारी फोन करू लागली आणि त्यांनी पैसे पाठवल्याचा निरोप त्याच फोनवर येऊ लागला. रस्त्याने जे दीडशे वर्षांत साधले नाही ते फोनने दहा वर्षांत साधले, असे लोक म्हणत आणि मीही तसे म्हणत असे.

२८ ऑक्टोबर २०२५ ला ते बोलणे अपुरे होते हे कळले. मेलिसा पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या, श्रेणीचे वादळ होते. ताशी सुमारे २९५ किलोमीटर वेगाच्या वाऱ्यासह ते वेस्टमोरलंड पॅरिशमध्ये न्यू होपजवळ जमिनीवर आले (जिल्ह्याला इथे पॅरिश म्हणतात) आणि शेजारच्या सेंट एलिझाबेथमधील ब्लॅक रिव्हर गाव पार उद्ध्वस्त झाले. आमच्या घरामागच्या टेकडीवरचा टॉवर मात्र वादळ शमल्यावर पाहिला तर सरळ उभा होता. फोनही चालू होता. त्याच संध्याकाळी मी तुला फोन लावायला हवा होता, पण पहिले काही तास छपराचे पाणी अडवण्यात गेले आणि टॉवरच्या बॅटऱ्यांची शक्ती संपली. मग जनरेटर सुरू झाला. रात्रभर त्याची घरघर ऐकू येत होती आणि खरे सांगतो, त्या आवाजाने धीर येत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी ती घरघर थांबली, कारण डिझेल संपले होते.

डिझेल आणणारा टँकर यायचा तो रस्त्याने, आणि रस्त्यावर झाडे, विजेचे खांब आणि दरडी आडव्या पडल्या होत्या. पश्चिमेकडे सँटा क्रूझच्या रस्त्यांत चिखल भरला होता आणि त्यापुढे होलंडची ती प्रसिद्ध बांबूंची कमान रस्त्यावर कोसळली होती. शिवाय तुझ्या लक्षात आले असेल, इथली फायबरची तार, जिच्यातून टॉवरचे बोलणे पुढे जाते, बहुतेक ठिकाणी विजेच्याच खांबांवरून जाते. खांब पडला की वीज, लँडलाइन आणि टॉवरला जोडणारी फायबर एकाच वेळी जमिनीवर येतात, आणि तो खांब उभा करणारी गाडी पुन्हा त्याच रस्त्याने यायची असते. टॉवर उभा असून फोन बंद होता तो या कारणाने. आपण मोबाइल हवेतून चालतो असे समजतो; त्याचे अन्न मात्र टँकरने डोंगर चढून येते.

चौथ्या दिवशी आम्ही काही शेजारी स्पर ट्री हिलपर्यंत चालत गेलो. तिथून सेंट एलिझाबेथचे सगळे मैदान खाली पसरलेले दिसते. एका वळणावर दूरच्या कुठल्या तरी टॉवरचा अंधूक सिग्नल मिळतो असे कळले होते. पाहतो तो पन्नास-साठ माणसे रस्त्याच्या कडेला फोन उंच धरून उभी होती. एक वृद्ध बाई आपला फोन प्रत्येकाच्या हातात देत होती, कारण तिला मुलाचा क्रमांक लावता येत नव्हता. एका टॅक्सीचालकाने आपल्या गाडीच्या बॅटरीवर ओळीने फोन चार्ज करून दिले आणि कोणाकडूनही एक पैसाही घेतला नाही. मला दोनदा सिग्नल आला आणि दोनदा गेला. अंधार पडेपर्यंत थांबलो. खाली, जिथे एरवी गावागावांचे दिवे दिसतात, तिथे एकही दिवा नव्हता. नवव्या दिवशी टॉवरजवळ टँकर पोहोचला आणि तुझा आवाज ऐकू आला.

आता गल्लीत नवे खांब उभे राहिले आहेत. मी जाऊन पाहिले: जुन्या खड्ड्याशेजारीच नवा खड्डा, तोच लाकडी खांब आणि त्याच्यावर पुन्हा त्याच तीन तारा. लोकांना वीज लवकर हवी आहे आणि ते काम करणारी माणसे रात्रंदिवस राबत आहेत, त्यामुळे त्यांना मी काय बोलणार? तरीही निदान दवाखाने आणि शाळांपर्यंतची फायबर जमिनीखालून न्यावी आणि टॉवरजवळ आठवडाभराचे डिझेल पावसाळ्याआधी साठवावे, असे मी इथल्या आमच्या पालक सभेत मांडले आहे. त्यासाठी मला तुझी मदत हवी आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने श्रीवर्धनला तुमची सुपारीची बाग आडवी केली, तेव्हा तिथेही खांब पडले होते आणि फोन बंद होते. तेव्हा टॉवरांना डिझेल कोणत्या वाटेने, कोणी आणि किती दिवसांनी पोहोचवले, कोणते टॉवर आधी सुरू केले आणि ते कोणी ठरवले, हे तुझ्या जुन्या सहकाऱ्यांना विचारून मला सविस्तर लिही. पुढची सभा फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आहे. त्याआधी पत्र आले तर फार बरे होईल.

वहिनींना नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद सांग.

तुझा,
जुना वर्गमित्र