नियुक्तीत नव्हे, उत्तरदायित्वात त्रुटी

न्यायाधीशांच्या नियुक्तीत केंद्र सरकारला निर्णायक वाटा द्यावा, असे सुचवणारा लेख आपल्या दैनिकात वाचला. कॉलेजियमच्या, म्हणजे न्यायाधीशांची निवड करणाऱ्या ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या मंडळाच्या, बंद दाराआडच्या कारभारावरील लेखकाची टीका रास्त आहे. उपाय मात्र पटत नाही. संसदेला घटनेची मूलभूत चौकट बदलता येणार नाही, असे ठरवणाऱ्या केशवानंद भारती खटल्याचा निकाल 24 एप्रिल 1973 रोजी लागला आणि लगेच सरकारविरोधी मत नोंदवणाऱ्या शेलत, हेगडे व ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून न्या. अजितनाथ रे यांना सरन्यायाधीश नेमण्यात आले. नियुक्तीचा अंतिम शब्द सरकारकडे असला की काय घडू शकते, हे तेव्हाच दिसले आहे.

न्यायालयांवर अंकुश हवाच, पण तो नेमणुकीनंतरच्या वर्तनावर. आज न्यायाधीशाला पदावरून दूर करण्याचा घटनात्मक मार्ग म्हणजे संसदेतील प्रस्ताव, आणि तो किती बिकट आहे हे 1993 मध्ये कळले. चौकशी समितीने ठपका ठेवूनही सर्वोच्च न्यायालयाचे न्या. रामस्वामी यांच्याविरुद्धचा प्रस्ताव लोकसभेत फेटाळला गेला, कारण सत्ताधारी काँग्रेसचे सदस्य मतदानापासून अलिप्त राहिले. (विरोधात एकही मत पडले नव्हते, हे विशेष!) न्यायालयाची स्वतःची अंतर्गत चौकशीची पद्धत आहे, परंतु तिचे अहवाल सहसा जनतेसमोर येत नाहीत. पदच्युती आणि मौन यांच्यामधल्या शिक्षांची तरतूद असलेली, बहुसंख्य न्यायाधीशांचीच परंतु कायद्याने स्थापन झालेली आणि निष्कर्ष जाहीर करण्यास बांधील असलेली तक्रार समिती संसदेने निर्माण करावी.

– एक वाचक, सातारा