‘प्लेसमेंट’ कुणाची, ते सांगा

महोदय,
कोल्हापुरात माझं फोटो फ्रेमिंगचं दुकान आहे. मुलीला बीएफए, म्हणजे चित्र-शिल्पकलेची पदवी करायचीय, म्हणून घरी सध्या माहितीपुस्तकांचा ढीग पडलाय. एका खासगी विद्यापीठाच्या चकचकीत पुस्तकात ‘१०० टक्के प्लेसमेंट’ असं छापलंय. फोन करून विचारलं, पेंटिंगची मुलं कुठे लागली? उत्तर आलं ते अॅनिमेशन आणि अॅप डिझाइनवाल्यांचं. शिल्पकलेचा विषय काढताच बाईंनी फोन दुसरीकडे जोडून दिला, तिथं कुणी उचललाच नाही!

मुंबईच्या १८५७ सालच्या जे. जे. कला महाविद्यालयासारखी सरकारी संस्था फीला परवडते. पण जागा मोजक्या, त्यात सीईटीची चुरस आणि मुंबईत राहण्याचा खर्च. शिवाय कॅनव्हास, तैलरंग, ब्रश यांचा हिशेब फीच्या तक्त्यात कुठेच नसतो. तो चार वर्षं आईबापांच्या खिशातून जातो. रंगभूमीकडे जाणाऱ्यांचं थोडं बरं. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात तीन वर्षांच्या पदविकेला निदान विद्यावेतन मिळतं. चित्रकारांना पूर्वी एटीडी ही कला शिक्षकाची पदविका करून शाळेत चिकटता यायचं. आता कला शिक्षकांच्या भरतीचं काय झालंय, हे कुणाला वेगळं सांगायला नको.

चित्रं विकून लगेच घर चालत नाही, हे रोज फ्रेम ठोकणाऱ्या मला कळतं. मुलीला अडवणार नाहीच. फक्त प्रत्येक कला महाविद्यालयाने विभागवार आकडे छापावेत: चार वर्षांचा साहित्यासह एकूण खर्च आणि तीन वर्षांनी किती जण त्याच कलेवर पोट भरतात. कला संचालनालयाने प्रवेशाआधी ते सक्तीचं करावं.

– एक पालक, कोल्हापूर