प्रबंधाचा मसुदा वाचून आईचे पत्र

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

तुझा मसुदा दोनदा वाचला. कोळंबीच्या टरफलांपासून मिळवलेले कायटोसान सौम्य ॲसेटिक आम्लात विरघळवून, त्यात ग्लिसरॉल आणि लवंगेचे तेल मिसळून तू जखमेवर लावायची जी पातळ फिल्म केलीस, तिचे वर्णन वाचताना आपल्या बंदरावरचे टरफलांचे ढीग आणि त्यांची दुर्गंधी आठवली. कायटोसानचा धनभार जिवाणूंच्या ऋणभारित पृष्ठभागाला कसा धरतो, तेही मला नीट कळले.

शंका आहे ती चौथ्या प्रकरणाविषयी. फिल्मच्या चकतीभोवती जिवाणू न वाढलेले वर्तुळ जितके मोठे तितकी फिल्म सरस, असा तुझा सूर दिसतो. पण तेल अगारमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवायच्या त्या जेलीत, नीट पसरत नाही आणि काही उडूनही जाते, हे तूच तळटीपेत लिहिले आहेस. ती तळटीप वर घे. शिवाय लवंगेच्या तेलातले जे युजेनॉल जिवाणूंचे पटल फोडते, ते जास्त झाले तर नव्या त्वचेच्या पेशींनाही सोडत नाही. वैद्यकीय साहित्य पेशींना घातक आहे का ते तपासायच्या आयएसओ १०९९३-५ या मानकाप्रमाणे जिवंत पेशींचे प्रमाण ७० टक्क्यांखाली गेले की पदार्थ पेशींना घातक ठरतो, आणि नेमका तुझ्या सर्वांत मोठ्या वर्तुळाच्या नमुन्यापुढे जिवंत पेशींचा रकाना रिकामा आहे.

आम्हाला परिचारिका प्रशिक्षणात जखम कोरडी ठेवायला शिकवले होते. झाकून ओलसर ठेवलेली जखम उघड्या जखमेपेक्षा लवकर त्वचा धरते, हे संशोधक जॉर्ज विंटर यांनी १९६२ सालीच डुकरांवर प्रयोग करून दाखवले होते. तरी आमच्या वॉर्डात वर्षानुवर्षे कोरडा गॉजच वापरला जाई. तो ओढताना आदल्या दिवशी आलेले गुलाबी मांसांकुर त्याच्याबरोबर निघत, रक्त येई आणि मधुमेही म्हातारे दात आवळून बसत. समुद्रशैवालापासूनचे कॅल्शियम अल्जिनेट पाहिले तेव्हा नवल वाटले. त्यातले कॅल्शियम जखमेच्या स्रावातील सोडियमशी अदलाबदल करते, पट्टीची जेली होते आणि ती सलाईनने धुऊन निघते. तुझी फिल्म किती फुगते हे तू मोजले आहेस, पण फुगल्यावर ती अखंड सुटते की जखमेत तुकडे राहतात, याचा उल्लेख कुठेच नाही.

दिवाळीला येशील तेव्हा दोन तुकडे आण. लवंगेचा वास किती उग्र आहे ते मला पाहायचे आहे. रुग्णाला तो रात्रभर सोसावा लागेल.

तुझी,
आई